तारा चार सेकंद गायब होतो, त्यावरून लघुग्रहाचा आकार कसा काढतात

लघुग्रह टेलिस्कोपमधून कधी बघितलाय का? बघितला असेल तर माहीतच असेल की त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका, फरक एवढाच की तासा-दोन तासांनी परत डोळा लावला तर तो जरासा सरकलेला असतो. मोठमोठ्या वेधशाळांमधूनसुद्धा मोजके दांडगे लघुग्रह सोडले तर बाकीचे लाखो ठिपकेच राहतात. मग अमुक लघुग्रह ५४ किलोमीटर रुंद आहे आणि एका बाजूने चपटा आहे असं लोक छातीठोकपणे सांगतात ते कशाच्या जोरावर?

तेजावरून अंदाज करता येतो, पण त्यात गोची अशी की काळपट मोठा दगड आणि उजळ छोटा दगड दोन्ही लांबून सारखेच दिसू शकतात. इन्फ्रारेडमध्ये त्याची उष्णता मोजली की अंदाज बराच सुधारतो, तरी तो शेवटी मॉडेलवर अवलंबून असतो आणि दहा टक्के इकडेतिकडे होणं काही विशेष नाही. यान पाठवणं हा उत्तम उपाय, पण लाखो लघुग्रहांकडे कोण यान पाठवणार. उरतो तो एक रस्ता, आणि तो हौशी लोकांच्या आवाक्यातला आहे: लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या बरोब्बर समोरून जायची वाट बघायची. तारा झाकला जातो, काही सेकंद गायब होतो, परत उगवतो. याला पिधान म्हणतात. चंद्र ताऱ्याला झाकतो तेही पिधानच, पण ते मोठ्या भूभागावरून दिसतं आणि निवांत चालतं, लघुग्रहाचं मात्र एका चिंचोळ्या पट्ट्यातूनच दिसतं आणि बहुतेक वेळा १० सेकंदांच्या आत आटपतं. म्हणूनच या कामात हौशी मंडळींचा वाटा एवढा मोठा आहे, कारण वेधशाळा जागची हलत नाही आणि सावली काही वेधशाळेचा पत्ता विचारून येत नाही.

सावली म्हणतोय ते शब्दशः खरं आहे. तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्याकडे समांतर येतात असं धरायला हरकत नाही, त्यामुळे लघुग्रहाची जी सावली पृथ्वीवर पडते ती त्याच्याएवढीच असते. सूर्यग्रहणात तसं होत नाही, सूर्य आकाशात चांगला अर्ध्या अंशाचा दिसतो म्हणून चंद्राची गडद सावली निमुळती होत येते आणि जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरच्या चंद्राची जमिनीवर जेमतेम शे-दोनशे किलोमीटरची उरते. ताऱ्याच्या बाबतीत ही भानगड नाही. ८० किलोमीटरचा लघुग्रह असेल तर ८० किलोमीटरची सावली (तारा क्षितिजाजवळ असेल तर ती तिरकी पडून लांबते, पण ते गणितात धरलेलं असतं) आणि ही सावली सेकंदाला ५ ते २० किलोमीटर अशा वेगाने पृथ्वीवरून पळत सुटते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले लघुग्रह साधारण १७ ते २० ने, आणि दोघांच्या गतीतला जो फरक तो सावलीचा वेग. लघुग्रह वक्री व्हायच्या किंवा परत मार्गी व्हायच्या बेतात असतो तेव्हा हा फरक कमी होतो आणि सावली रेंगाळते, त्या दिवसांतली पिधानं लांबलचक चालतात, अनुभवी लोक ती आवर्जून हेरून ठेवतात.

आणि हो, त्या सावलीत उभं राहिलं तर अंधारून वगैरे येत नाही. झाकला जातोय तो फक्त एक तारा, तोही बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तुम्ही हे वाचताय तेव्हाही अशा सावल्या पृथ्वीवर कुठे ना कुठे धावत असतात, कोणाला पत्ता नसतो.

आता मुख्य गणित, ते अगदी शाळेतलं आहे. रेल्वे फाटकाशी उभं राहून गाडी जायला किती वेळ लागला ते मोजलं आणि गाडीचा वेग माहीत असला तर गाडीची लांबी निघते, टेप घेऊन डबे मोजत जावं लागत नाही. इथे पृथ्वी आणि लघुग्रह दोघांच्याही कक्षा माहीत असल्याने सावलीचा वेग आधीच पक्का माहीत असतो, तुम्ही मोजायचं फक्त तारा किती वेळ गायब होता ते. वेग सेकंदाला १२ किलोमीटर आणि तारा ४.५ सेकंद गायब, म्हणजे तुमच्यावरून गेलेला लघुग्रहाचा भाग ५४ किलोमीटर लांब. वर्तुळाची जीवा शिकलो होतो तीच ही, फक्त वर्तुळाच्या जागी ओबडधोबड दगड.

किती अचूक निघतं ते बघा. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत असेल तर एक फ्रेम ०.०४ सेकंदाची झाली, तेवढ्या वेळात ही सावली ४८० मीटर सरकते. म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटरवरच्या दगडाची कड तुम्ही अर्ध्या किलोमीटरच्या आत पकडली. हबल दुर्बीण साधारण ०.०५ आर्कसेकंदापर्यंतचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारकावा दाखवते, ३० कोटी किलोमीटरवर त्याचे ७० किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे आपला ५४ किलोमीटरचा दगड हबलला पण ठिपकाच. इथे अंगणात उभा केलेला ८ इंची टेलिस्कोप हबलला मागे टाकतो तो आरशाच्या जोरावर नाही तर घड्याळाच्या जोरावर, आणि हे एकदा डोक्यात बसलं की या छंदातल्या बाकी सगळ्या गोष्टी आपोआप समजतात. (अगदी टोकाला गेलं तर निसर्गच आडवा येतो, प्रकाश कडेवरून किंचित वाकतो त्यामुळे सावलीची कड दोन-तीनशे मीटर पुसट असते. पण तिथपर्यंत पोचणारे थोडे.)

एका माणसाने एक जीवा मोजली तर काय कळतं? एवढंच की लघुग्रह निदान इतका तरी आहे. ती जीवा मधून गेली की कडेने ते कळत नाही. दोन जणांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजली तर दोन जिवांची चार टोकं मिळतात आणि गोल बसवून बघता येतो. लंबवर्तुळ बसवायचं तर पाच गोष्टी ठरवाव्या लागतात, केंद्राच्या दोन, लांबी, रुंदी आणि कल, म्हणजे पाच तरी टोकं हवीत, म्हणजे कमीत कमी तीन जिवा. दहा-पंधरा जिवा असतील तर लंबवर्तुळही सोडून द्यायचं, सरळ दगडाची खरी बाह्यरेषा दिसायला लागते, खड्डे, उंचवटे, चपटी बाजू सगळं. म्हणून हा एकट्याने करायचा उद्योग नाहीच. माणसं पट्ट्याच्या आडवी पसरावी लागतात, कारण पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने एकामागे एक दोघे उभे राहिले, अगदी शंभर किलोमीटर अंतर ठेवून, तरी दोघांना जवळपास तीच जीवा मिळणार. ऑकल्टवॉचर नावाचं सॉफ्टवेअर यासाठीच वापरतात, त्यात आपली जागा आधी जाहीर करायची म्हणजे बाकीचे मधल्या मोकळ्या जागा भरतात.

इथेच नवख्यांचा एक गैरसमज असतो. पट्ट्याच्या कडेला उभं राहून तारा हललाही नाही, झाकलाही नाही, तर लोक म्हणतात वाया गेली रात्र आणि रिपोर्टच पाठवत नाहीत. माझं म्हणणं उलट आहे. तुमच्या शेजाऱ्याला १ सेकंदाची जीवा मिळाली आणि तुम्हाला काहीच नाही, तर लघुग्रहाची कड तुमच्या दोघांच्या मधून गेली हे पक्कं झालं, आणि ही गोष्ट मधल्या दहा जिवांपेक्षा जास्त मोलाची असू शकते, कारण नुसत्या मधल्या जिवांवरून लंबवर्तुळ हवं तितकं उंच ताणता येतं, त्याला कुठेतरी थांबवायला ‘इथे नाही’ म्हणणारा माणूस लागतो. याला सगळे मिस म्हणतात. फक्त एक अट, तुम्ही बघत होता तो ताराच बरोबर होता याची खात्री हवी. चुकीचा तारा तासभर रेकॉर्ड करून ‘मिस’ कळवणं हे रिपोर्ट न पाठवण्यापेक्षा वाईट, त्याने बाकीच्यांचं गणित बिघडतं. त्यामुळे फोटो काढून त्यातल्या ताऱ्यांची नकाशाशी जुळवणी करायची, सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं.

सावली कुठून जाणार हे आधी कसं कळतं ही खरी मोठी भानगड होती. ३० कोटी किलोमीटरवर एक आर्कसेकंद म्हणजे जवळजवळ १४५० किलोमीटर. ताऱ्याची किंवा लघुग्रहाची जागा एक दशांश आर्कसेकंदाने जरी चुकली तरी पट्टा दीडशे किलोमीटर सरकणार, आणि पट्टाच मुळात पन्नास-साठ किलोमीटरचा. जुन्या काळी हे असंच होतं, म्हणून १९५८ मध्ये जुनो या लघुग्रहाचं आणि १९६१ मध्ये पॅलस या लघुग्रहाचं पिधान नोंदलं गेलं (पॅलसचं नैनितालच्या वेधशाळेतून, फोटोइलेक्ट्रिक उपकरणाने) त्यानंतर बरीच वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निरीक्षणं होती. २९ मे १९८३ ला पॅलसने एक नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा तारा झाकला तेव्हा अमेरिका आणि मेक्सिकोतून सुमारे १३० ठिकाणांहून निरीक्षणं झाली, तो या छंदातला पहिला खरा मोठा सोहळा म्हणायचा. मग १९९७ मध्ये हिप्पार्कस उपग्रहाची सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांची यादी आली आणि निदान त्या ताऱ्यांपुरता अंदाज सुधारला. पण सगळं चित्र बदललं ते गाया यानामुळे. डिसेंबर २०१३ ला सोडलेल्या या यानाने १८० कोटींच्या आसपास ताऱ्यांच्या जागा मोजल्या, त्यातल्या उजळ ताऱ्यांच्या तर मिलीआर्कसेकंदाच्याही (आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) अपूर्णांकात, आणि एक मिलीआर्कसेकंद म्हणजे आपल्या अंतरावर दीड किलोमीटर. आता चांगल्या कक्षेच्या लघुग्रहाचा पट्टा कुठे पडणार ते त्याच्या रुंदीच्या लहानशा भागाइतकं अचूक सांगता येतं. पूर्वी लोक आशेवर जायचे, आता वेळ ठरवून जातात.

तरी अंदाज चुकतो, आणि चुकला तर कधी कधी दोष ताऱ्याचा असतो. गायाच्या यादीत प्रत्येक ताऱ्यापुढे आरयूडब्ल्यूई नावाचा एक आकडा असतो, तो १ च्या आसपास असेल तर मोजणी नीट बसली, १.४ च्या वर गेला की समजायचं तारा बहुधा जोडतारा आहे, म्हणजे एक दिसणारे दोन तारे, आणि यादीतली जागा थोडी बनवाबनवी आहे. अंदाजाच्या पानावर हा आकडा बघायची सवय लावून घ्या, आणि तो जास्त असेल तर पट्ट्याच्या बाहेर राहणाऱ्यांनी सुद्धा रेकॉर्डिंग करावं.

बाकी अंदाज अचूक असून उपयोग काय जर ढग आले. २० मार्च २०१४ ला एरिगोनी नावाचा लघुग्रह मघा ताऱ्याला झाकणार होता, नुसत्या डोळ्यांनी दिसणारं पिधान, तेही न्यूयॉर्क शहरावरून, कित्येक महिने तयारी चालली होती, आणि त्या रात्री पट्ट्यावर ढगच ढग. १२ डिसेंबर २०२३ ला नशीब बरं होतं. लिओना लघुग्रहाने मृगातल्या तांबड्या काक्षीला, म्हणजे बेटलज्यूसला, झाकलं. हे प्रकरण वेगळं होतं, कारण काक्षी हा राक्षसी तारा आहे, त्याचा आकाशातला आकार चक्क लिओनाच्या आकाराएवढाच, चाळीसेक मिलीआर्कसेकंद, त्यामुळे दिवा बंद झाल्यासारखा तो गेला नाही, काही सेकंदांत मंदावत गेला आणि परत उजळला. नेहमीच्या ताऱ्यांचा आकार इतका नगण्य असतो की ते फटकन जातात.

बरं, प्रत्यक्ष करायचं कसं. पहिल्यांदा सोपा इव्हेंट निवडा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्यांदा अवघडच निवडतो. सोपा म्हणजे तारा ११ व्या प्रतीपेक्षा उजळ (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट), क्षितिजापासून ३० अंश तरी वर, चंद्र लांब, पिधान दोन-तीन सेकंदांहून जास्त, आणि तेजातली घट भरपूर. घटीचं जरा समजून घ्या, कारण पिधानाआधी तुम्हाला जो ठिपका दिसतो तो तारा आणि लघुग्रह दोघांचा मिळून असतो, दोघे इतके जवळ आलेले असतात की वेगळे दिसत नाहीत, आणि पिधानात तारा जातो, लघुग्रह उरतो. तारा ११ व्या प्रतीचा आणि लघुग्रह १४ व्या असेल तर घट ३ प्रतींची, ठिपका दिसेनासाच होतो. पण दोघे सारखेच तेजस्वी असतील तर प्रकाश फक्त निम्मा होणार, म्हणजे पाऊण प्रतीची घट, आणि हवेत तारा नुसता लुकलुकला तरी तेवढं वरखाली होतं. असलं प्रकरण नंतर घ्या.

टेलिस्कोप केवढा हवा याची फार चिंता करू नका, उजळ ताऱ्यांसाठी ८० मिलीमीटरचा पण चालतो, फिकट ताऱ्यांसाठी ८ इंची किंवा मोठा. ताऱ्यांमागे फिरणारी मोटर नसली तरी अडत नाही, पृथ्वी फिरतेच आहे. क्रांती आणि विषुवांश म्हणजे आकाशातले अक्षांश-रेखांश. ज्या ताऱ्याचं पिधान आहे त्याच क्रांतीवरचा, पण विषुवांशात समजा ४० मिनिटं आधी येणारा तारा शोधायचा, पिधानाच्या ४० मिनिटं आधी तो फील्डच्या मधोमध आणायचा, टेलिस्कोप घट्ट आवळायचा आणि हात लावायचा नाही. बरोबर वेळेला आपला तारा स्वतःहून तिथे येतो. याच युक्तीने एकच माणूस संध्याकाळपासून चार-पाच ठिकाणी छोटे टेलिस्कोप मांडून, रेकॉर्डिंग आपोआप सुरू होईल असं लावून पुढे जाऊ शकतो, म्हणजे एकट्याने चार-पाच जिवा.

पूर्वी डोळा लावून बसायचे, तारा गेला की ‘गेला’ आणि आला की ‘आला’ असं टेपरेकॉर्डरवर बोलायचे, शेजारी रेडिओवर वेळेचे टिकटिक सिग्नल चालू. प्रत्येकाला बघून बोलायला लागणारा वेळ वेगळा, तो वजा करायचा, आणि दमलेला माणूस पहाटे आणखी उशिरा बोलतो. डोळ्याने बघायला आजही मजा येते, आवर्जून बघा, पण डेटा म्हणून आता ते कोणी फारसं धरत नाही, आणि माझ्या मते बरोबरच आहे.

आता सगळी मारामारी कॅमेऱ्याच्या वेळेची. इथे थोडं थांबतो कारण नव्या लोकांची चांगली रेकॉर्डिंग इथेच वाया जातात. कॅमेरा यूएसबीने लॅपटॉपला जोडलाय आणि लॅपटॉप प्रत्येक फ्रेमवर वेळ टाकतोय, म्हणजे काम झालं असं वाटतं. पण लॅपटॉप जी वेळ टाकतो ती फ्रेम त्याच्याकडे पोचल्याची, एक्सपोजर सुरू झाल्याची नाही, मध्ये किती उशीर झाला ते कॅमेऱ्यागणिक, सेटिंगगणिक वेगळं. दुसरं म्हणजे लॅपटॉपचं घड्याळ. ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप वेळ जुळवते ती कॅलेंडरच्या कामाला ठीक, इथे सेकंदाचे शंभरावे भाग हवेत, त्यासाठी इंटरनेटवरून घड्याळ सतत जुळवत राहणारा वेगळा एनटीपी प्रोग्रॅम चालवून तासभर आधी घड्याळ स्थिर होऊ द्यावं लागतं. तिसरं, बरेचसे सीमॉस कॅमेरे चित्र एकदम टिपत नाहीत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतात, म्हणजे तुमचा तारा चित्रात वर आहे की खाली यावर वेळ बदलते. या सगळ्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे जीपीएसवरून थेट फ्रेमवर वेळ छापणारं यंत्र किंवा कॅमेऱ्यातच जीपीएस असलेलं मॉडेल, क्यूएचवाय १७४ जीपीएस हे त्यातलं नावाजलेलं. ते नसेल तर जीपीएसच्या ठोक्यावर एलईडी पेटवून तिचा उजेड पिधानाच्या आधी आणि नंतर रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचा, मग त्यावरून सगळ्या फ्रेमची वेळ बसवता येते. जीपीएसमध्ये सुद्धा एक मेख आहे, त्याची मूळ वेळ जागतिक प्रमाण वेळेपेक्षा (यूटीसी) १८ सेकंदांनी पुढे आहे, रिसिव्हर उपग्रहाकडून ही दुरुस्ती घेतो पण त्याला काही मिनिटं लागू शकतात, म्हणून चालू केल्या केल्या रेकॉर्डिंगला बसू नका.

इव्हेंटच्या वेळचं रेकॉर्डिंग पिधानाच्या वेळेच्या आधी दोन-तीन मिनिटं सुरू करून नंतर दोन-तीन मिनिटं चालू ठेवतात, का ते पुढे येईल. मग ती फाइल टँग्रा किंवा पायमूव्ही अशा सॉफ्टवेअरमध्ये घालायची. तिथे आपल्या ताऱ्याभोवती एक छोटं वर्तुळ, शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांभोवती आणखी वर्तुळं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक वर्तुळात किती प्रकाश आहे ते मोजत जायचं. हजारो फ्रेमचा आलेख तयार होतो, वर एक खडबडीत पट्टा, मध्येच एक चौकोनी खड्डा, परत पट्टा. खड्ड्याची डावी भिंत म्हणजे डी (डिसअपिअरन्स, तारा गेला), उजवी म्हणजे आर (रीअपिअरन्स, परत आला), सगळे हेच म्हणतात. भिंतीजवळ झूम केलं तर कधी कधी अशी फ्रेम सापडते की आधीच्या फ्रेममध्ये तारा पूर्ण, पुढच्या फ्रेममध्ये गायब आणि हिच्यात बरोबर चाळीस टक्के प्रकाश, याचा अर्थ तारा या फ्रेमच्या एक्सपोजरमध्येच, चाळीस टक्के वेळ झाल्यावर गेला, म्हणजे एका फ्रेमपेक्षाही बारीक वेळ मिळाली. तुलनेचे तारे कशाला, तर त्याच क्षणी त्यांचाही प्रकाश पडला असेल तर तो ढग किंवा दवाने धुरकटलेली काच, लघुग्रह नाही.

खड्ड्याची भिंत सरळ नसून पायरीची असेल, म्हणजे आधी थोडा प्रकाश कमी, क्षणभर तसाच, मग बाकीचा, तर तो तारा जोडतारा आहे, एक आधी झाकला आणि एक नंतर. मोठ्या टेलिस्कोपलाही एकत्र दिसणारे जोडतारे असे सापडलेत.

मुख्य खड्ड्याच्या आधी किंवा नंतर एखादा चिमुकला खड्डा आला तर मात्र श्वास रोखायचा, कारण तो लघुग्रहाचा चंद्र असू शकतो. जास्तीची मिनिटं रेकॉर्ड करतात ती यासाठी. मार्च २०२२ मध्ये नासाच्या लघुग्रहांकडे निघालेल्या ल्यूसी मोहिमेच्या टीमने पॉलिमेली या लघुग्रहाच्या पिधानासाठी २६ गट पसरले होते, १४ जणांना पॉलिमेली मिळाला आणि त्यातल्या दोघांच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक छोटा खड्डा निघाला, पाच-सहा किलोमीटरचा चंद्र, आधी कोणाला माहीतही नव्हता. कडी सापडली तीही अशीच. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाताना त्याचं वातावरण बघायला शास्त्रज्ञ विमानातल्या टेलिस्कोपवर बसले होते, ग्रह यायच्या आधीच तारा पुनःपुन्हा लुकलुकला, आणि ग्रह गेल्यावर तेच उलट क्रमाने, म्हणजे ग्रहाभोवती कडी आहेत. मग २०१३ मध्ये कॅरिक्लोची, जेमतेम अडीचशे किलोमीटरचा दगड, त्याला दोन कडी, एक सहा-सात किलोमीटर रुंद आणि दुसरं त्याहून बारीक. एवढ्याशा वस्तूला कडी असतील असं तोवर कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

सगळ्यात कसोटीचा प्रसंग मात्र ॲरोकॉथचा. नासाचं न्यू होरायझन्स यान प्लूटोच्या पुढे याच्याकडे चाललं होतं, अंतर साडेसहाशे कोटी किलोमीटर, वस्तू ३५-३६ किलोमीटरची, हबलमधूनही नुसता अंधूक ठिपका. यान पोचायच्या आधी आकार कळायला हवा म्हणून १७ जुलै २०१७ ला अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात २४ टेलिस्कोप ओळीने मांडले. तिथला वारा टेलिस्कोप हलवेल म्हणून आडोशाला ट्रक उभे केले, गावातले रस्त्यावरचे दिवे बंद केले, हायवे दोन तास बंद ठेवला. २४ पैकी पाच जणांना तारा गायब झालेला मिळाला, कोणाकडे दोन सेकंदही नाही. त्या पाच जिवांवरून अंदाज निघाला की ही वस्तू बहुधा दोन गोळे चिकटलेली आहे. १ जानेवारी २०१९ ला यान शेजारून गेलं आणि फोटो आले, ते खरोखर दोन गोळे चिकटलेलेच होते.

लहान वस्तूंचं कामही आता होतंय. अपोफिस हा लघुग्रह फक्त साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या अगदी जवळून, टीव्हीचे उपग्रह फिरतात त्याच्याही आतून जाणार आहे, आणि त्याची कक्षा बारकाईने हवी होती. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या निरीक्षकांनी त्याचं पिधान पकडलं. साडेतीनशे मीटरची सावली म्हणजे मैदानाच्या एका टोकाला उभा असलेला सावलीत आणि दुसऱ्या टोकाचा बाहेर. रडारच्या मोजणीबरोबर याही निरीक्षणांचा कक्षेला उपयोग झाला.

रिपोर्ट पाठवताना डी आणि आरची वेळ आणि प्रत्येकीतली संभाव्य चूक, आपल्या जागेचे अक्षांश, रेखांश आणि उंची (अंदाजे गावाचे नाही, टेलिस्कोपच्या पायाचे), टेलिस्कोप, कॅमेरा, एक्सपोजर, वेळ कशी घेतली, आणि आकाश कसं होतं हे सगळं द्यायचं. आयओटीए ही पिधानांच्या निरीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि तिच्यासारख्या प्रादेशिक गटांमधले जाणकार ते तपासतात, शंका आली तर फाइल मागवतात, आणि त्यातून निघालेली लघुग्रहाची नेमकी जागा मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे जगभरच्या लघुग्रह-नोंदी सांभाळणाऱ्या केंद्राकडे, जाते. तुमचा डी अर्धा सेकंद बाकीच्यांच्या रांगेबाहेर दिसला तर मेल येणार हे धरून चाला, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, दहापैकी नऊ वेळा घड्याळाचीच गडबड असते. आणि रिपोर्ट स्वीकारला गेला म्हणून मूळ व्हिडिओ उडवू नका, हार्ड डिस्क भरली तरी. पुढे कधी त्याच लघुग्रहाला चंद्र असल्याचा संशय आला तर जुन्या फाइली परत उघडून मुख्य खड्ड्याच्या आधीची आणि नंतरची मिनिटं नव्याने चाळता येतात, आणि ‘मिस’वाल्यांच्या फाइली तर आधी काढाव्यात, कारण चंद्राची सावली मुख्य पट्ट्याच्या बाहेरून गेलेली असू शकते.